पुराचा अल्बम : प्रकल्प नोंदी

9 सप्टेंबर 2023

आज आम्हा चौघांची पहिली रीतसर बैठक झाली आणि गेली दोन वर्षे नुसत्या बोलण्यात असलेल्या कामाला सुरुवात करण्याचे ठरले. एक पूर्ण मेलोडिक डेथ मेटल अल्बम करायचा, सगळी गाणी मराठीत करायची आणि सगळ्या गाण्यांचा विषय एकच ठेवायचा : 12 जुलै 1961. त्या दिवशी सकाळी पानशेतचे मातीचे, अजून पूर्णत्वास न गेलेले धरण फुटले, ते पाणी खडकवासल्याच्या जलाशयात उतरले, त्या जुन्या दगडी धरणालाही तो भार पेलवला नाही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्यापैकी तिघांनी ही हकीकत लहानपणापासून घरात ऐकलेली आहे. ड्रमरची आजी तेव्हा शनिवार पेठेतल्या वाड्यात राहत होती, तर गायकाचे आजोळ पुरानंतर सहकारनगरात राहायला गेले.

विषयाला हाच संगीतप्रकार का, हा प्रश्न बेसवादकाने विचारला आणि त्याचे उत्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात काही तरुण वादकांनी डेथ मेटलचा वेग आणि घोगरा गळा तसाच ठेवून गिटारींना मात्र गाता येईल अशा चाली दिल्या. ॲट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि इन फ्लेम्स ही त्यातली तीन मुख्य नावे. या संगीतात गळा चाल सांगत नाही. चाल दोन गिटारी मिळून सांगतात, आणि गळा फक्त घडले ते किती भयंकर होते हे सांगतो. पुरात बुडालेल्या शहराविषयी बोलायला मला याहून योग्य वाटणी माहीत नाही, कारण पाण्याला चाल नसते, पण मागे राहिलेल्यांच्या दुःखाला असते.

प्रत्येक गाण्यासाठी दोन कसोट्या ठरवल्या आहेत. गाणे संपल्यावर गिटारची चाल गुणगुणता आली पाहिजे, आणि हातात कागद नसताना निम्म्याहून अधिक शब्द कळले पाहिजेत. दुसरी कसोटी या प्रकारात कठीण आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

24 सप्टेंबर 2023

गणेशोत्सव सुरू असल्यामुळे ड्रमर पथकात अडकला आहे आणि सराव बंद आहे. हा आठवडा मी चालींवर घालवला. दोन्ही गिटारी सहाव्या तारेपासून बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी अशा लावल्या आहेत, म्हणजे नेहमीच्या लावणीपेक्षा अडीच स्वर खाली. ॲट द गेट्सने 1995 च्या ‘स्लॉटर ऑफ द सोल’ या अल्बमसाठी हीच लावणी वापरली होती. एवढ्या खाली गेल्यावर नेहमीच्या तारा ढिल्या पडून सुरातून घसरतात, म्हणून 12 ते 60 जाडीचा संच बसवला आणि त्याबरोबर नटमधील, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतील, खाचाही रुंद करून घ्याव्या लागल्या.

दोन गिटारींची चाल एकमेकींपासून तिसऱ्या स्वरावर ठेवणे हा या संगीताचा कणा आहे. पेटीच्या भाषेत सांगायचे तर आमचे बहुतेक काम आसावरी थाटाच्या स्वरांत चालते : पहिली गिटार सा वर असेल तर दुसरी कोमल ग वर, पहिली रे वर गेली की दुसरी म वर. संगणकात ‘तीन अर्धस्वर वर’ असे सांगून दुसरी गिटार आपोआप तयार करता येते, पण ती चुकीची निघते, कारण कोमल ग, कोमल ध आणि कोमल नी यांच्यावरचे अंतर चार अर्धस्वरांचे असते आणि बाकीच्या चार ठिकाणी तीनच. मी पहिल्या मसुद्यात ही चूक केली होती. चाल लोखंडी आणि परकी वाटत होती, आणि का ते मला दोन दिवस कळले नाही. आता दुसरी गिटार प्रत्येक ठिकाणी हाताने वाजवूनच बसवतो.

नी शुद्ध केला की हेच स्वर किरवाणी रागाचे होतात. कोमल ध पासून शुद्ध नी पर्यंतची ती मोठी उडी कानाला लगेच पकडते, आणि म्हणूनच तिचा मोह आवरायला हवा. संपूर्ण अल्बममध्ये शुद्ध नी एकाच ठिकाणी येईल, ते म्हणजे सहाव्या गाण्यात खडकवासल्याची भिंत जाते तिथे.

5 नोव्हेंबर 2023

आज ड्रमरच्या आजींचे ध्वनिमुद्रण केले. वय मोठे, पण स्मरण स्वच्छ. अल्बमच्या सुरुवातीला पाण्याचा प्रचंड घोंगावणारा आवाज असावा, अशी माझी कल्पना होती, आणि तसा आवाज मी संगणकावर तयारही करून ठेवला होता. मी विचारले, “आजी, पाणी आलं तेव्हा आवाज कसा येत होता, आठवतं का तुम्हाला?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आवाज मोठा नव्हता रे. आम्ही माडीवर होतो. खाली स्वयंपाकघरात भांडी तरंगायला लागली आणि एकमेकांवर आपटायला लागली. तेवढंच ऐकू यायचं. टण्, टण्. मग तेही थांबलं.”

बोलता बोलता त्यांनी समोरची वाटी पेल्यावर हलकेच आपटून दाखवली, एकदा, थोडे थांबून दुसऱ्यांदा. त्या दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नव्हते. नातू म्हणाला, “आजी, पुन्हा वाजव ना तसंच.” पण दुसऱ्यांदा ते तसे आले नाही. पहिल्या वेळचा आवाज सुदैवाने मुद्रित झालेला आहे.

घरी आल्यावर मी तयार केलेला घोंगावणारा आवाज काढून टाकला. आता अल्बम भांड्यांच्या आवाजाने सुरू होईल. आईकडून दोन पितळी पातेली, एक तांब्या आणि कल्हईची परात आणली, ती टबातल्या पाण्यात सोडून पाणी हाताने हळूहळू हलवले आणि पाऊण तास मुद्रण केले. पातेले रिकामे असताना त्याचा नाद लांबतो आणि त्यात पाणी शिरू लागले की सूर खाली उतरत जाऊन शेवटी नुसता ठोका उरतो. “मग तेही थांबलं” याचा अर्थ मला तो टब बघताना कळला.

26 नोव्हेंबर 2023

तिसऱ्या गाण्याचा प्रश्न सुटला. गायकाने ते भुजंगप्रयातात लिहून आणले आहे, म्हणजे लघु, गुरू, गुरू अशा चार गणांची, बारा अक्षरांची ओळ. मनाच्या 205 श्लोकांमुळे हा ठेका प्रत्येक मराठी कानात बसलेला आहे. पहिली ओळ अशी आहे :

नदी आटली रे तळाशी उजाडे

पूर ओसरल्यानंतरची ही सकाळ आहे. मी आधी या ओळीला सरळ चार ठोक्यांच्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, बसवण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी गायकाला कुठेतरी एक अक्षर ओढावे किंवा गिळावे लागत होते. नंतर लक्षात आले की एका गणाच्या मात्रा पाच होतात : एक, दोन, दोन. म्हणजे रिफच पाच आठव्यांचा, पाच अर्ध्या ठोक्यांचा, असायला हवा, आणि असे चार रिफ मिळून एक ओळ व्हायला हवी. रिफ बदलला आणि ओळ कोठेही न अडता बसली. गिटारचा बंद आघात लघूवर येतो, मोकळी तार दोन्ही गुरूंवर. पाश्चात्त्य श्रोत्याला हा ताल विषम आणि अवघड वाटेल. आमच्या ड्रमरने मात्र तो मोजलाच नाही, त्याने मनातल्या मनात श्लोक म्हटला आणि वाजवला.

वृत्तांचा असा उपयोग प्रत्येक गाण्यात करायचा नाही, असेही ठरवले. पाचव्या गाण्यात अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची रचना आहे, कारण तिथे शेवटच्या तोकड्या चरणानंतर उरणाऱ्या मोकळ्या जागेत गिटारला उत्तर देता येते. बाकी सहा गाणी मुक्त आहेत.

17 डिसेंबर 2023

ड्रम्सचे मुद्रण कालपासून भाड्याच्या स्टुडिओत सुरू झाले. आठही गाण्यांचा वेगाचा नकाशा आधीच तयार होता. बहुतेक गाणी मिनिटाला 190 ठोक्यांवर आहेत, पण आम्ही ध्रुवपदाच्या ओळींना 186 पर्यंत सैल सोडले आहे, कारण एकाच आकड्याला खिळलेला क्लिक (वादकाच्या कानात वाजणारा मोजणीचा ठोका) चालीचा श्वास मारतो. 190 च्या वेगाने दोन्ही पायांनी सोळावे भाग, एका ठोक्यात चार आघात, वाजवायचे म्हणजे सेकंदाला जवळजवळ 12.7 आघात होतात, आणि ते दोन-दोन मिनिटे सलग टिकवायचे असतात. ड्रमरने सहा आठवडे रोज पहाटे फक्त पायांचा रियाज केला. पथकातल्या वादनामुळे त्याच्या मनगटात ताकद भरपूर आहे, पण ढोलाचा आघात खांद्यातून येतो आणि इथे तो बोटांतून यायला हवा, त्यामुळे त्याला आपल्या हाताची एक सवय विसरावी लागली. त्यासाठी त्याला जे कष्ट पडले ते मी पाहिले आहेत.

किक, स्नेअरच्या वर एक व खाली एक, तीन टॉम, हाय-हॅट, डोक्यावर दोन आणि खोलीच्या टोकाला दोन असे मायक्रोफोन होते. स्नेअरच्या खालच्या मायक्रोफोनचा ध्रुव उलटा केला नाही तर वरच्याखालच्या लहरी एकमेकींना खातात आणि स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजतो. ही साधी गोष्ट तपासायला आम्ही काल विसरलो आणि आज पहिला तास तिच्यातच गेला. पाच गाणी पूर्ण झाली.

14 जानेवारी 2024

एक अपघात नोंदवायचा आहे. स्टुडिओकडून आलेल्या फायली उघडल्या तेव्हा ड्रम्स सुस्त आणि जड वाटले. आठवडाभर मी समजत होतो की ड्रमर थकला असावा, आणि ते त्याला कसे सांगावे या विचारात होतो. आज त्याच कामात आजींचे मुद्रण आणून ठेवले आणि त्यांचा आवाज एखाद्या आजारी पुरुषासारखा आला. तेव्हा उलगडा झाला. मुद्रण सेकंदाला 48,000 नमुन्यांचे होते आणि फायलींवर 44,100 ची खूण लागली होती, त्यामुळे सगळे आठ टक्के मंद आणि सुमारे दीड अर्धस्वर खाली वाजत होते. खूण दुरुस्त केली, आजी आजींसारख्या बोलू लागल्या आणि ड्रम्स जागेवर आले. ड्रमरला फोन करून सगळे सांगितले. त्याच्याविषयी मनात आणलेल्या शंकेबद्दल क्षमाही मागितली.

18 फेब्रुवारी 2024

गिटारींचे मुद्रण संपले. प्रत्येक रिफ डाव्या बाजूसाठी एकदा आणि उजव्या बाजूसाठी एकदा, असा दोनदा स्वतंत्र वाजवला आहे, कारण एकच वादन दोन्हीकडे ठेवले तर ते मध्ये गोळा होते आणि रुंदी येत नाही. चार-चार वेळा वाजवून भिंत उभी करण्याची पद्धतही आहे. आम्ही ती एका गाण्यावर करून पाहिली, आवाज प्रचंड झाला आणि चाल नाहीशी झाली. पहिल्या कसोटीवर ती पद्धत बाद ठरली.

आवाजाच्या पोताबद्दल बराच वाद झाला. स्वीडिश डेथ मेटल म्हटले की बॉसच्या एचएम-2 या पेडलचे नाव निघते. 1983 ते 1991 या काळात निघालेल्या या पेडलच्या चारही कळा शेवटपर्यंत फिरवल्या की करवतीसारखा जो आवाज येतो, तो स्टॉकहोममधील सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेरी यांच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झालेल्या एन्टूम्डच्या 1990 च्या पहिल्या अल्बममुळे जगभर गेला. पण स्टॉकहोमची करवत आणि गोथेनबर्गची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करवत सगळ्या स्वरांना सारखेच खरवडते, आणि तिसऱ्या स्वरावरची जोडचाल त्या खरवडण्यात अर्धी बुडते. बेसवादकाकडे कंपनीने 2021 मध्ये पुन्हा काढलेले पेडल आहे. ते आम्ही फक्त बेसवर लावले आणि आवाजाच्या तळाशी ठेवले. गिटारींना साधा, मध्यम स्वर पुढे काढलेला ॲम्प्लिफायर दिला. आता करवत पाण्यासारखी खालून चढते आणि चाल वर राहते.

सहाव्या गाण्यातल्या एकलवादनासाठी मी अकरा प्रयत्न केले आणि शेवटी तिसरा ठेवला. त्यात एक मींड किंचित कमी चढली आहे, तरी तीच खरी वाटते.

10 मार्च 2024

गळ्याचे मुद्रण आजपासून सुरू झाले आहे. या संपूर्ण कामात माझ्या मते सर्वांत नवे जर काही असेल तर ते इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घोगरा गळा हा ओरडण्याचा प्रकार नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे दुसरे, जाडसर पडदे असतात ते हवेने थरथरवून तो काढतात. पण त्यात स्वराची उंची जवळजवळ नसतेच, आणि अ, इ, उ अशा स्वरांमधला फरकही पुसट होतो. शब्द ओळखू यायचा तर सगळा भार व्यंजनांवर पडतो. इंग्रजीत किंवा स्वीडिश उच्चारांच्या इंग्रजीत हे कसे साधायचे ते तीस वर्षांच्या मुद्रणांतून शिकता येते, पण मराठीसाठी आम्हाला आमचेच कान वापरावे लागले.

आम्ही वर्णमाला घेऊन बसलो. गायकाने ‘क’ पासून ‘ळ’ पर्यंत प्रत्येक अक्षर घोगऱ्या आवाजात म्हटले आणि आम्ही तिघांनी पाठमोरे बसून ऐकू येईल ते लिहिले. क, ट, त, प ही अक्षरे स्पष्ट राहतात. ख आणि घ मध्ये श्वास लवकर संपतो, मात्र ख ला एक वेगळीच धार येते. श आणि स सगळ्यांतून कापत जातात. ण आणि न यांतला फरक पूर्ण नाहीसा होतो. आणि ळ, आपल्या भाषेचा इतका आपला असलेला ळ, टिकत नाही, तो र किंवा नुसती घरघर होतो. ‘गाळ’ हा शब्द या अल्बममध्ये सात ठिकाणी होता, कारण पुरानंतर शहरात उरला तो गाळच. सातही ठिकाणी तिघांनी ‘गार’ लिहिले.

पाच ठिकाणी आम्ही ‘चिखल’ केले. चिखल ऐकू येतो, च आणि ख दोन्ही त्याला धरून ठेवतात. मात्र ‘तळाशी’ मधला ळ तसाच ठेवला, कारण आधीचा त आणि नंतरचा शी मिळून तो शब्द तारून नेतात आणि ऐकणाऱ्याचे मन मधले अक्षर स्वतः भरून घेते. उरलेल्या दोन ठिकाणी शब्द न बदलता वाद्ये थांबवली. शेवटच्या गाण्यात सगळे थांबते आणि गायक साध्या, न घोगरलेल्या आवाजात, बोलल्यासारखा फक्त ‘गाळ’ म्हणतो. अल्बममधला साधा आवाज एवढाच, दोन वेळा.

गायक दिवसाला दोन तासांवर मुद्रण करणार नाही, असे पक्के केले आहे. कोमट पाणी आणि मुद्रणानंतर अर्धा तास पूर्ण मौन.

7 एप्रिल 2024

मिक्स, म्हणजे सगळ्या मुद्रणांचा एकमेकांशी मेळ घालण्याचे काम, चालू आहे. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉम यांनी 1995 आणि 1996 या दोन वर्षांत डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’, ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ ही तिन्ही कामे हाताळली. मी रोज मिक्स सुरू करण्याआधी यांतले एक-एक गाणे कमी आवाजात ऐकतो. कमी आवाजात ऐकण्याने एक गोष्ट लक्षात येते. त्यांत जाडी आहे, पण ती कशाच्याही वाटेत येत नाही. ‘स्लॉटर ऑफ द सोल’ सुमारे 34 मिनिटांत संपतो आणि त्यात एकही रिफ गरजेपेक्षा जास्त वेळा येत नाही. आमचा अल्बम 44 मिनिटांचा झाला होता. या आठवड्यात तो 38 वर आणला. चौथ्या गाण्यातला माझा एक आवडता भाग गेला, आणि तो गेल्याने गाणे सरळ उभे राहिले.

गिटारींमधला 80 हर्ट्झखालचा सगळा भाग कापून ती जागा बेस आणि किकला दिली. गळा गिटारींच्या मागे अर्धे पाऊल होता, तो पुढे घेतला.

आज माझ्या मावशीला, जिने हे संगीत कधी ऐकलेले नाही, तिसरे गाणे दोनदा ऐकवले. दुसऱ्या वेळी तिने विचारले, “नदी आटली असं म्हणतोय का रे तो?” आणि नंतर चहा गाळताना ती गिटारची चाल नकळत गुणगुणत होती. दोन्ही कसोट्या एकाच दुपारी पूर्ण झाल्या.

5 मे 2024

मास्टर, म्हणजे प्रकाशनासाठीची अंतिम प्रत, तयार झाले. श्रवणसेवा आता प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजून ती एकसारखी करतात, आणि स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 लफ्स (आवाजाची सरासरी पातळी मोजण्याचे एकक) आहे. त्यामुळे गाणे कितीही दाबून मोठे केले तरी तिथे ते खालीच आणले जाते आणि दाबल्यामुळे गेलेला स्नेअरचा टणत्कार परत मिळत नाही. आम्ही उणे 10 च्या आसपास थांबलो आणि सर्वोच्च शिखर उणे 1 डेसिबलवर ठेवले. आजींचा आवाज आणि भांडी मात्र मुद्दाम खूप खाली ठेवली आहेत. ऐकणाऱ्याने आवाज वाढवावा आणि मग पहिले गाणे त्याच्यावर कोसळावे.

मुखपृष्ठाचे कामही पुढे गेले. या संगीतातील नाममुद्रा फांद्या-मुळांसारख्या गुंतलेल्या रोमन अक्षरांच्या असतात. आमच्या चित्रकाराने देवनागरीच्या शिरोरेषेलाच पाण्याची पातळी केले : अक्षरे रेषेखाली बुडालेली, आणि फक्त वेलांट्या, मात्रा व रफार पाण्यावर. मला हे चित्र पाहून बराच वेळ काही बोलता आले नाही. छपाईच्या पहिल्या नमुन्यात मात्र जोडाक्षरे फुटली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, कारण मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू करायची राहिली होती. आता प्रत्येक पान मी स्वतः वाचून सोडतो.

26 मे 2024

गाणी वितरकाकडे पाठवली. प्रत्येक गाण्याला बारा चिन्हांचा आयएसआरसी (मुद्रणाची ओळख सांगणारा) क्रमांक मिळाला, भाषेच्या रकान्यात मराठी निवडली, शीर्षके देवनागरीत दिली. प्रकाशनाचा दिवस आम्ही मनात केव्हाच ठरवला होता, आज दिनदर्शिका पाहिली तर 12 जुलै या वर्षी शुक्रवारी येतो, आणि 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारीच प्रकाशित करण्याची रीत आहे. सीडीच्या 300 प्रती सांगितल्या आहेत. एलपीचा विचार तूर्त सोडला. बाजूला 19 मिनिटे बसली असती, पैसे बसत नाहीत.

12 जुलै 2024

अल्बम प्रकाशित झाला. संध्याकाळी ड्रमरच्या घरी आजींना तो पहिल्यापासून ऐकवला. त्यांना गळ्याचे संगीत कळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, मला फक्त भांड्यांची काळजी होती. त्यांनी डोळे मिटून ऐकले, पहिले गाणे सुरू झाल्यावर नातवाचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. ‘गाळ’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान हलवली. संपल्यावर म्हणाल्या, “पातेल्याचा आवाज बरोबर आलाय. मोठं होतं आमचं, त्याचा जरा जाड यायचा.”

21 जुलै 2024

नऊ दिवसांत 92 सीडी गेल्या. फिनलंड आणि ब्राझीलमधील दोन श्रोत्यांनी तिसऱ्या गाण्याचा ताल कसा मोजायचा ते विचारले आहे. मी त्यांना लगागा (लघु, गुरू, गुरू) लिहून पाठवले आणि हळू आवाजात म्हणून त्याचे मुद्रणही जोडले.

28 जुलै 2024

गुरुवारी, 25 तारखेला, शहरात आणि घाटमाथ्यावर झालेल्या पावसाने खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीसह नदीकाठच्या अनेक भागांत पाणी शिरले. आमचा बेसवादक नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घरात मांडीपर्यंत पाणी होते. तो, त्याची आई आणि मांजर सुखरूप आहेत. शनिवारी ठरलेला कार्यक्रम आम्ही रद्द केला आणि दोन दिवस फावड्याने गाळ काढला.

उरलेल्या सीडींपैकी दोन खोकी त्याच्या पलंगाखाली होती. वरच्या खोक्यातल्या प्रती वाचल्या. खालच्या खोक्यातल्या साठही प्रतींच्या पुस्तिका एकमेकींना चिकटून लगदा झाल्या, पण चकत्या आम्ही नळाखाली धुतल्या, पुसल्या आणि एकेक वाजवून पाहिल्या. अठ्ठावन्न चालतात. उद्या त्या साध्या पांढऱ्या कागदी पाकिटांत घालायच्या आहेत आणि गाण्यांची नावे हाताने लिहायची आहेत.

काल दुपारी काम चालू असताना ड्रमरच्या फोनवर आजींचा फोन आला. त्यांनी फोन बेसवादकाकडे द्यायला सांगितला आणि सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाल्या, “भांडी वर ठेवलीस ना रे?”

तो म्हणाला, “हो आजी. आधी तीच ठेवली.”